मोहिनीचं लग्न

९ नोव्हेंबर, रविवार
आज नऊ फेऱ्या. घसा बसलाय. सातव्या फेरीला गाडीत पारगावकडची मंडळी, सगळी पोक्त, कुणी हसेना. झेब्रे झाले, शहामृग झाले, तरी गप्प. मोहिनीच्या वाड्यापाशी गाडी थांबली. ती नेहमीसारखी फाटकाचा लोखंडी खांब चाटत उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही आमची जिराफ, मोहिनी. माहेर पडलं आफ्रिकेत, लांब. म्हणून इथंच नवरा केलाय, खांबराव. दिवसभर मुके घेते, सोडतच नाय त्याला." अख्खी गाडी हसली. एक आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तेच बोलले. सफारीच्या गाडीत माईक धरून तीन वर्षं झाली, असं हसू पहिल्यांदा मिळालं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
नानांनी डबा खाताना विषय काढला. मोहिनीचं सगळं तेच बघतात, ती आली त्या दिवसापासून. त्यांच्या गावाहून, आण्याहून, येताना मोपेडवर बाभळीचा पाला बांधून आणायचे. कचरा दिसतो म्हणून ते बंद झालं.
"ताई, मुका न्हाई तो. पाला वरबाडायची जीभ हाय ती. पाला न्हाई, मग लोखंड चाटती. आन दोघी आल्या व्हत्या. एक गेली पहिल्याच उन्हाळ्यात. तवापासनं लई वाढलंय."
मी म्हणाले, बरं, नाही बोलणार.
दुपारच्या फेरीत नाही बोलले. गाडी गप्प. एक पावणा म्हणाला, "ते लग्नाचं सांगा की, आमच्या मेव्हण्यानं सांगितलंय." मग सांगितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
कुणीतरी व्हिडिओ टाकला, आवाज माझा. इतक्या लोकांनी बघितला की तिकीट-खिडकीवरच "खांबरावाची बायको कुठाय" विचारतात. कदम साहेब, आमचे मॅनेजर, स्वतः गाडीपाशी आले. "संगीता, आपण झेब्रे दाखवत बसलो इतके दिवस." आईला बँकेतल्या बाईंनी विचारलं, ती तुमचीच मुलगी का. आई दोन दिवस त्याच खुशीत.
मीही.

३ डिसेंबर, बुधवार
क. साहेबांची कल्पना: पंचवीसला सुट्टीची गर्दी असते, त्या दिवशी मोहिनीचं खांबाशी लग्न लावायचं. मंडप, बेंजो, अंतरपाट. सूत्रसंचालन माझं. मी गावातल्या समारंभांत करते ते त्यांना माहीत आहे.
इथं खरं लिहायचं तर खांबाला मुंडावळ्या बांधायचं मी सुचवलं. पत्रिका छापायचंही मीच. मजकूर तिथंच बसून सांगितला, साहेब हसत होते, मला आणखी सुचत गेलं. नाना दारात उभे होते, कशाला आले होते कुणास ठाऊक. तसेच मागं फिरले.
आईला सांगितलं. म्हणाली, "आपल्या लग्नांत अक्षता न्हाईत, मंगलाष्टका न्हाईत. आन तू त्या जनावरासाठी म्हणणार?" मी म्हटलं, नोकरी आहे. आई म्हणाली, "नोकरीचं मी कुठं काय म्हणले."

१७ डिसेंबर, बुधवार
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. वाजंत्री लांब ठेवा, आणि मोहिनीला वाजणं थांबल्यावरच बाहेर आणा, असं साहेबांना बजावलं. ठरलं तसं. बेंजो थांबला की मी वॉकीवर सांगायचं, मग नानांनी आतलं दार उघडायचं.
मनात म्हटलं, डॉक्टरांनीच हो म्हटलंय. तेवढ्यावर झोप लागते.

२५ डिसेंबर, गुरुवार
थोडक्यात लिहिते.
गर्दी अफाट. वाड्यापुढचं काँक्रीट धुऊन रांगोळी काढलेली, वाळायच्या आधीच लोक आले. बेंजोवाले ठरल्या जागेवर थांबले नाहीत, नाचणाऱ्यांबरोबर पुढं आले. मी दोनदा माईकवर थांबा म्हणाले. साहेबांनी मंडपातून हात केला, आण तिला.
वॉकीवर मी, "नाना, सोडा."
नाना, "वाजायचं थांबू द्या, ताई."
मी, "लोक खोळंबलेत. सोडा तुम्ही."
दार उघडलं. ती बाहेर आली, चार पावलं. अक्षता उडाल्या, मुठीच्या मुठी. कुणीतरी फटाक्याची माळ लावली. ती गरकन वळली आणि ओल्यावर चारी पाय चार दिशांना गेले. एवढं उंच जनावर आडवं होताना आवाज होतो. तो लिहिता येत नाही.
लोकांचे मोबाईल वरच. कुणीतरी ओरडलं, "नवरीला चक्कर आली." थोडे हसले.
ते वाक्य माझ्याही तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. माईक हातात होता. कुणाला कधी सांगणार नाही हे, इथं लिहून ठेवते.
नाना तिच्या मानेपाशी बसून राहिले. पोती अंथरली, वाळू टाकली, तेव्हा कुठं उठली. मागचा उजवा पाय टेकत नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार
क. साहेबांनी ऑफिसात बोलावलं. जबाब टाइप करून तयार. "सूचना मिळालेली नसताना जिराफाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने दार उघडले." खाली माझं नाव, सहीला जागा.
मी म्हणाले, मी सांगितलं होतं त्यांना. साहेब म्हणाले, "मी काय ऐकलं नाही, तू काय बोलली नाही. मालक पुण्याहून येणारेत. तुझं नाव आलं तर तू गेलीस. म्हाताऱ्याचं काय, आज ना उद्या थांबणारच होता."
हातानं तुम्हीच खुणावलंत, हे मी बोलले नाही.
सही केली. पेन त्यांचंच. परत द्यायचं विसरले, पर्समध्ये आलं.
चारला नाना मोपेड ढकलत फाटकाबाहेर गेले. मी गाडीत माईकवर होते. शहामृगाची अंडी किती मोठी असतात ते सांगत होते.

३० डिसेंबर, मंगळवार
मोहिनीचा वाडा कापड लावून बंद. गाडी तिथून न थांबता जाते. लोक विचारतात, मी म्हणते हनिमूनला गेलीय. साहेबांनीच सांगितलंय तसं म्हणायला. म्हणजे सांगितलं त्यांनी, पण म्हणते मी.
डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस काही सांगता येणार नाही. नव्या माणसाला ती जवळ येऊ देत नाही.

४ जानेवारी, रविवार
सुट्टी मागून आण्याला गेले. पठारावर वारा, तोंडाची कातडी ओढली गेली. नाना अंगणात हुलगे निवडत बसलेले. मावशींनी, त्यांच्या मंडळींनी, लगेच चहा टाकला.
सांगायला गेले होते. सुरुवात केली, "नाना, त्या दिवशी मी घाई केली."
म्हणाले, "तू नसतं सांगितलं तर सायबानं सांगितलं असतं. तुझं काय न्हाई. कडी माझ्या हातात व्हती. मला कळत व्हतं, तरी मी काढली. एवढी वर्सं जनावरं केली आन तितं माणसाचं ऐकलं."
मग मोहिनीचंच विचारत राहिले. उभी कशी राहते, रवंथ करते का, कुठल्या अंगावर बसते. मला निम्म्याची उत्तरं येईनात.
त्यांना काढलं ते साहेबांनी, एवढंच त्यांना माहीत. जबाबाचं माहीतच नाही. मावशी म्हणाल्या, "ही एकटीच आली बघा भेटायला. बाकी कोन आलं न्हाई." आणि शेंगांची पिशवी हातात दिली.
घेतली. काय म्हणून परत देणार.
घरी आईनं भाजायला काढल्या. मला भूक नाही म्हणाले.

७ जानेवारी, बुधवार
अर्ज लिहिला. एक पान. दार मी उघडायला लावलं, नानांनी थांबा म्हटलं होतं, आधीच्या जबाबावर मी सही केली ती चूक. साहेबांच्या खुणेचंही लिहिलं. दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं.
क. साहेबांनी वाचला, घडी करून माझ्याच पुढं सरकवला. "हा मला मिळालाच नाही. घरी जा, आईशी बोल."
आईशी बोलले. आईनं अर्ज हातात घेतला. मग म्हणाली, "पोस्टात टाक मालकाच्या नावानं. पोच घे." तिची औषधं, भाडं, काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला थांबायला कारण मिळालं असतं.

९ जानेवारी, शुक्रवार
रजिस्टर केलं आळेफाट्याच्या पोस्टातून. पोच पिशवीत.
आजच्या फेरीत घोडेगावची शाळा. हनिमूनचं बोलले नाही. म्हणाले, मोहिनी पडली, पायाला लागलंय. एका मुलीनं विचारलं, "कशी पडली?" मी म्हटलं, "आम्ही पाडली." त्यांच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. ड्रायव्हरनं गाडी पुढं घेतली.

१३ जानेवारी, मंगळवार
मालकांच्या ऑफिसातून फोन. सोमवारी पुण्याला या. बाई तेवढंच बोलल्या. क. साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. डॉक्टर येऊन गेले, पाय थोडा टेकते. थोडा म्हणजे किती, ते म्हणाले नाहीत.
दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी नानांना मीच सांगायला हवं होतं. संध्याकाळी फोन लावला. एका दमात सांगितलं. जबाबावर सही माझी आहे, तुमच्याकडे आले तेव्हा झालेली होती, तुमचा चहा पिऊन आले तरी बोलले नाही.
  नाना म्हणाले, "मी रानात हाय ताई. मंग बोलू."
मागं मावशींचा आवाज येत होता, कोन हाय म्हणून, आणि ताटं मांडल्याचा. घरातच होते.