पाण्याचा पट

गंगाखेड, १६ सप्टेंबर १९८४

ती. शिवदादास,
नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, पण घर ठीक नाही. पोळ्याला भीमाशंकर भावजींनी आपली बैलजोडी यांच्या मानाच्या जोडीआधी तोरणाखालून काढली. तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. एका पंगतीत बसून मीठ हवं असलं तरी निरोप माझ्यामार्फत. दसऱ्याला भावजी वेगळे निघणार. जाऊबाईंनी परसात मातीची नवी चूल करून वाळत ठेवली आहे. 

लहानपणी तू जुन्या धोतरावर पाण्याचा पट काढला होतास. सगळे मिळून नदीविरुद्ध खेळायचो, तो. पाठवून दे. दोघांनाही सोंगट्यांचा नाद आहे, आता तेवढाच आधार.

तुझी माया असू दे.
नीलम्मा

चुडावा, २१ सप्टेंबर १९८४

चि. सौ. नीलम्मास अनेक आशीर्वाद वि. वि.

शेजारचे किशनराव गंगाखेडला येत आहेत, त्यांच्याजवळ पट आणि कवड्या देतो. चारही सोंगट्या पैलतीराला लागल्या तर सगळे जिंकले. एक जरी राहिली तर सगळे बुडाले. आपलं दान दुसऱ्याला देता येतं, पण त्याला नावानं विचारून, आणि त्यानं तोंडानं हो म्हटल्यावरच. निरोप चालत नाही. तू रडून माझी दानं उकळायचीस, तसं तिथं करू नकोस.

प्रत्येक फेरीनंतर पाण्याचंही एक दान पडतं, तेवढी घरं पाणी पुढं येतं आणि गाठलेली सोंगटी बुडते; ते दान सासूबाईंना टाकू दे. मला धास्ती एकच: दोघांनी तोंड उघडलं नाही, तर उरलंसुरलंही तुटेल.

घरात वडीलधाऱ्यांना शरणार्थ सांग.
तुझा शिवरुद्र

गंगाखेड, ५ ऑक्टोबर १९८४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी पट मांडला. दोघे बसले, पण माना खाली. आम्हा तिघांच्या सोंगट्या पार झाल्या, भावजींची मधेच अडकली. पाणी तिच्या मागच्याच घरात आलं. तेवढ्यात यांना पंचवीस पडले, भावजींची सोंगटी पार होईल एवढे. हे कवड्यांकडे बघतच राहिले. सासूबाई म्हणाल्या, पानी काय कुनासाठी थांबत न्हाई. यांचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. सासूबाईंनी दान टाकलं आणि सोंगटी बुडाली. 

मग भावजी पटाकडे बघत पुटपुटले की दादानं विचारलं असतं तर मी काय नको म्हनलो असतो का. हे उसळले, मी इचारनारच होतो, आईनंच घाई केली. भावजी म्हणाले, लय घाई केली. मग दोघे मिळून सासूबाईंवर तुटून पडले, आणि त्या झाल्यावर तुझ्यावर, असला नियम कुणी केला म्हणून. सासूबाई मुकाट बोलणी खात होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. यांनीच पट पुन्हा मांडला. त्या डावात यांनी भीमा म्हणून हाक मारून विचारलं.

काल दसऱ्याला नवी चूल पेटली. सासूबाईंनी तिच्यावर सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी ठेवलं.

पट परत मागू नकोस, माया मात्र पाठवत राहा.
तुझी नीलम्मा