रेडिओ मोठ्याला, उत्तर धाकट्याला

सगळ्यात आधी नर्सबाई आल्या, त्याही दवाखान्याचा पांढरा कोट अंगात तसाच ठेवून. जिना चढता चढताच ओरडत होत्या, "आजी, पडलात का? कोण आहे वर? कुणी हात तर नाही ना लावला?" त्यांच्यामागून घड्याळवाले आले. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं, धाप लागलेली. मी आपली खिडकीजवळच्या खुर्चीत बसून गार झालेला चहा पीत होते. ही परवाची, शनिवारची गोष्ट. दोघांची तोंडं बघून मला वाटलं, गल्लीत काहीतरी झालं. झालं होतं ते माझ्याच खुर्चीत.

वकीलबाई म्हणाल्या होत्या की मृत्युपत्रात असल्या गप्पा लिहायच्या नसतात. पण शनिवारी हे झालं नसतं तर मी लिहायला बसलेच नसते, मग ते वगळू कसं? असो. आता नीट लिहिते.

मी, दोन मुलग्यांची आई, एका नातीची आजी, धंद्याने काज-बटण करणारी, चौथीपर्यंत शाळा शिकलेली, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कान तर त्याहून चांगले आहेत. हे लिहिताना माझ्यामागे कुणी उभं नाही. माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते मी माझ्या मनाने ठरवलं आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा आधीचं रद्द करण्याचा प्रश्नच नाही.

कलम पहिलं, घर. खाली दुकानाची खोली, वर माडी, मध्ये जिना. माझ्या यजमानांनी आणि मी मिळून बांधलं. भिंती त्यांच्या, पडदे माझे. हे घर माझ्या दोन्ही मुलग्यांना अर्धं अर्धं. मी जिवंत असेपर्यंत विकायचं नाही. नंतर विकायचं असेल तर दोघांनी एका टेबलाशी, एका वेळी बसून सह्या करायच्या. एकाने सकाळी, दुसऱ्याने संध्याकाळी केलेली सही चालणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, असं कायद्यात कुठे नसतं." म्हटलं, "मग माझ्यापासून सुरू करा."

कलम दुसरं, शिलाई मशीन. हे सूनबाईला. तिने एकदा त्याला भंगार म्हटलं होतं, तेही पाहुण्यांसमोर. ते मी विसरलेले नाही. पण माझे गुडघे सुजले तेव्हा रोज येऊन शेकून दिले तेही तिनेच, आणि तेही मी विसरलेले नाही. मशीनला आठवड्याला तेल घालावं. चाक उलटं फिरवू नये.

माझी मोठी कात्री, जिची जाऊबाईंनी पुठ्ठे कापून धार घालवली आणि वर "ती आधीच बोथट होती" म्हणाल्या, ती जाऊबाईंनाच द्यावी. त्यांना कळेल. छोटी कात्री नर्सबाईंना द्यायची होती, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणे. म्हणून ती आज सकाळीच त्यांच्या हातात ठेवली. ती आता माझी नाही, तेव्हा तिच्याबद्दल हे कलम नाही.

कलम तिसरं, बँक. तिथे जे काही असेल त्यातून आधी माझा शेवटचा खर्च भागवावा, तोही थोडक्यात. उरेल ते नातीला. तिनेच मला हे वेड लावलं.

आता त्या वेडाचं कलम. याला चौथं म्हणा.

माझा धाकटा डोंगरावरच्या हवामान केंद्रात असतो. वारा किती, ढग कुठला, पाऊस किती, हे ठरल्या वेळी मोजायचं आणि खाली कळवायचं, हे त्याचं काम. तिथे फोन लागत नाही. त्याचे वडील आजारी पडले तेव्हा वर वादळ होतं आणि त्याच्या जागी बसायला दुसरा माणूस पोचला नव्हता. तो खाली आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात मोठा उभा होता. "आता कशाला आलास?" एवढंच म्हणाला. धाकट्याने खांद्यावरची पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही, आल्या पावली परत गेला. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत.

नात ही मोठ्याची मुलगी. ती मागच्या वर्षी मैत्रिणींबरोबर डोंगर चढून गेली, काकाला भेटून आली, आणि एक डबा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजी, काकाशी बोलायचं?" डब्यात हातात मावेल एवढा रेडिओ. मी विचारलं, "गाणी लागतात का यावर?" म्हणे, "नाही, यावर तू लागतेस."

पण नुसतं बटण दाबून बोलता येत नाही, त्याला परीक्षा द्यावी लागते. ती प्रश्न वाचायची, मी काजं करता करता पाठ करायचे. परीक्षेच्या दारात तिथला माणूस म्हणाला, "आजी, कुणाला सोडायला आलात?" म्हटलं, "बसायला आलेय. खुर्ची जरा उंच असेल ती द्या." पास झाले! सरकारने मला एक हवाई नाव दिलं, अक्षरं आणि आकड्यांचं. ते कुणालाही वारशाने देता येत नाही, माझ्याबरोबरच जायचं. त्यामुळे त्यावर कुणी भांडू नये.

पहिल्यांदा बोलले तो दिवस काय सांगू! रेडिओच्या पडद्यावर धाकट्याचं नाव उमटलं आणि खोलीत त्याचा आवाज, अगदी चहाच्या कपाएवढा जवळ. "आई? तू? तू परीक्षा दिलीस?" मी बटण दाबून रडले. तो म्हणाला, "रडून झालं की बटण सोड, म्हणजे मला बोलता येईल." त्या दिवसापासून रोज तो मला ढग सांगायचा आणि मी त्याला गल्ली सांगायचे. नर्सबाई आणि घड्याळवाले याच रेडिओवरचे. आधी आवाज ओळखीचे झाले, माणसं मागाहून.

हा रेडिओ मी मोठ्याला देते.

हो, मोठ्याला. धाकट्याकडे त्याचा आहे. नात दुसरा घेईल. मोठा म्हणेल, मला यातलं काही कळत नाही. म्हणून इथेच लिहून ठेवते. बाळा, नीट वाच.

आधी अँटेना फिरवून घट्ट बसव, मगच चालू कर. अँटेना नसताना बोलायचं बटण दाबलं तर आतलं जळतं. बॅटरी पूर्ण भरू दे, अर्धवट उचलू नकोस, तुला घाई फार. मग परीक्षा दे आणि स्वतःचं हवाई नाव घे. त्यानंतर प्रत्येकाला एक नंबर मिळतो, तो नातीकडून रेडिओत भरून घे आणि माझा काढून टाक. माझ्याच नंबरवर बोललास तर लोकांच्या पडद्यावर माझं नाव येईल, आणि मेलेली बाई बोलतेय म्हणून घड्याळवाल्यांच्या हातून कुणाचं तरी घड्याळ पडेल.

प्रत्येक चॅनेलला रंग भरावा लागतो. तो रंग दिसत नाही, नुसता आकडा असतो. रंग का म्हणतात ते मला कुणी सांगितलं नाही. पण तो आकडा डोंगरावरच्या, आपला आवाज पुढे पोचवणाऱ्या मनोऱ्याशी जुळला नाही तर तू ओरडून घसा बसवलास तरी तिकडे कुणी दार उघडत नाही. तसाच एक गट निवडायचा असतो. ज्या गटात धाकटा ऐकतो त्याच गटात बोलायचं. हे सगळं नात संगणकावरून एकदाच भरून देते. तू फक्त आधी ऐक. कुणी बोलत असेल तर मध्ये घुसू नकोस. मग बटण दाब, टूं वाजेपर्यंत थांब, आणि मगच बोल. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तुझा पहिला शब्द काय असावा ते मी सांगणार नाही. नाव घेऊन हाक मारलीस तरी पुरे.

आणि एक. आपल्या जुन्या रेडिओत माणूस लांब गेला की खरखर यायची. यात तसं नाही. यात आवाज एक तर स्वच्छ येतो, नाहीतर काहीच येत नाही. ती शांतता फार वाईट. पलीकडे माणूस गप्प बसलाय की पलीकडे माणूसच नाही, काही कळत नाही. शनिवारपासून मी त्या शांततेत बसले आहे.

आता शनिवारचं.

मोठा घराचं माप घेणाऱ्या माणसाला घेऊन आला. घर विकून मला त्याच्याकडे न्यायचं त्याच्या मनात आहे. त्याला माझी काळजी वाटते, हे मी नाकारत नाही. त्याला रेडिओ दिसला की कपाळाला आठ्या, म्हणून मी तो घाईघाईने खुर्चीची गादी आणि हात टेकायची फळी यांच्यामध्ये सारला आणि वर बसले. बसले ती नेमकी बोलायच्या बटणावर.

मोठा म्हणाला, "आई, एक सही कर म्हणजे सुटलो."

म्हटलं, "आणि धाकट्याचं?"

"त्याचं काय? बाबा गेले तेव्हा ढग मोजत बसला होता. या घरात त्याचं काहीएक नाही. आणि तुलाही हे पटतंय, फक्त तोंडाने बोलत नाहीस. पटतंय ना तुला?"

तेवढ्यात माझ्याखालून कुईं असा आवाज आला. माप घेणारा माणूस भिंतीकडे तोंड करून हसायला लागला, त्याला भलतंच वाटलं. मलाही वाटलं खुर्चीच कुरकुरली. पण तो रेडिओ होता. बटण फार वेळ दाबून राहिलं की तो आपणहून बोलणं बंद करतो, एकाच माणसाने रस्ता अडवू नये म्हणून. नियम चांगला आहे. पण मोठ्याचा प्रश्न डोंगरापर्यंत गेला आणि माझं उत्तर गादीत राहिलं.

नर्सबाईंनी ऐकलं, घड्याळवाल्यांनी ऐकलं, म्हणून तर दोघे धावत आले. आणि धाकट्याची ती ऐकण्याचीच वेळ. त्याने ऐकलं ते एवढंच, की भाऊ विचारतोय, "पटतंय ना तुला?" आणि आई गप्प.

तेव्हापासून त्याचं नाव पडद्यावर आलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ हाका मारते. "मी 'नाही' म्हटलं होतं रे," असंही सांगून पाहिलं. बटण सोडलं की मनोऱ्याची टिक येते आणि मग काही नाही. त्याने रेडिओ बंद केलाय की समोर ठेवून बसलाय, देव जाणे. परीक्षेत यावर प्रश्न नव्हता.

म्हणून कलम पाचवं. हे धाकट्याला देते. घराच्या अर्ध्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. माझं उत्तर, जसं बोलले तसं:

"नाही पटत. त्या दारातून त्याला तू परत पाठवलंस, मी नाही. अर्धं घर त्याचं आहे. आणि मी काही अर्धी नाही, मी आख्खी त्याची आई आहे. तशी तुझीही आख्खी आहे, म्हणून तुला अजून चहा मिळतोय. पी नाहीतर जा."

मोठा चहा न पिता गेला. तोच मी नंतर पीत होते. माप घेणाऱ्याने मात्र त्याचा चहा संपवला आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. हे बोलणं ऐकणारा तो एकटा तिऱ्हाईत. साक्षीला बोलावलं तर आला नाही, म्हणाला, "आजी, मला तुमच्या मोठ्याकडून पैसे यायचेत."

तेव्हा हे उत्तर माझ्या मिळकतीइतकंच खरं समजावं आणि माझ्या मरणाची वाट न बघता धाकट्याच्या हाती पोचवावं. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. म्हटलं, बाकीचं तेव्हा वाचा. हे एक कलम मला माझ्या कानांनी पोचलेलं ऐकायचं आहे.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं. खाडाखोड आहे ती माझीच. वाचून पाहिलं, बरोबर आहे.

लिहून ठेवणार: काज-बटणवाली आजी (सही केली आहे, अंगठा नाही)

आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:

साक्षीदार पहिला: नर्सबाई (कात्री आधीच मिळाली, या कागदातून काही नाही)

साक्षीदार दुसरा: घड्याळवाले

ठिकाण: माडी, खिडकीजवळची खुर्ची

दिवस: सोमवार, दिवेलागणीच्या आधी

सहीनंतर जोडलेलं: परवा बुधवारी केंद्राचं सामान घेऊन गाडी डोंगरावर जाते. साक्षीदार दोघेही तिच्यातून जाणार आहेत, नर्सबाई तिथल्या माणसांना तपासायला आणि घड्याळवाले उगाच. पाचव्या कलमाची नक्कल घड्याळवाल्यांच्या खिशात आहे, आणि धाकट्याला सोबत घेऊन या असंही मी त्यांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "आजी, तो यायला नाही म्हणाला तर?" म्हटलं, "नाही म्हणाला तर तेही त्याच्या तोंडचं घेऊन या, गप्प बसलेलं आणू नका." मुक्काम वर करून दोघं गुरुवारी दुपारी परत येतो म्हणाले आहेत. मोठ्याला मी गुरुवारी दुपारी जेवायला बोलावलं आहे. कारण सांगितलेलं नाही.