वन्संनी मागितलेला अंगारा

कोळवण, मार्गशीर्ष, सोमवार
(तिथी विसरले, दिनदर्शिकेवर रेडकाने तोंड फिरवलं)

तीर्थस्वरूप सौ. बाळाबाई वन्सं यांना कोळवणहून भावजय धोंडाबाईचा वाकून नमस्कार. इकडे मी, म्हैस आणि रेडकू अशी तिघंही ठीक आहोत. भात घरात आलं, पेंढा रचून झाला. तिकडे तुमची कंबर, दाजींचा खोकला आणि तुमच्या सासूबाईंचे डोळे यांचं काय ते सविस्तर कळवावं. माझ्या अक्षराला हसू नये. तुम्ही तिसरीपर्यंत शाळेत गेलात. मी वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर, आणि त्या कागदावर गोष्टीचा नेहमी मधलाच तुकडा असतो. सुरुवात कुणाच्या तरी हळदीबरोबर गेलेली असते आणि शेवट कुणाच्या साखरेबरोबर. त्यामुळे माझं पत्रही मधूनच सुरू होतं, ते सांभाळून घ्यावं.

तुमचं पत्र पोचलं. तुमची लेक सखू बाळंत झाली, मुलगा झाला, बारसं झालं, आनंद वाटला. पण बारशापासून सखू बोलत नाही, बाळ रडलं तरी तिकडे बघत नाही, दुसऱ्या कुणीतरी बाळ तिच्या छातीशी धरावं लागतं आणि दिवसभर ती आढ्याकडे बघत पडून असते, हे वाचून जीव थाऱ्यावर राहिला नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, म्हणून आमच्याकडच्या बहिरू देवऋष्याचा अंगारा पाठवा, असं तुम्ही लिहिलंत. खाली असंही लिहिलंत की, 'तुम्ही स्वतः येऊ नका, घरात बाळंतीण आहे.' ते वाचलं आणि उठून गोठा झाडला. परत येऊन पुन्हा वाचलं. राग नाही. गोठा मात्र दुसऱ्यांदा झाडून झाला.

तर अंगारा. सांगितलं काम मी टाळलं असं समजू नका. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी डोंगराच्या वाडीवर गेले. बहिरू घोंगडी पांघरून, कपाळाला फडकं बांधून कुडकुडत बसला होता. मी नारळ पुढे ठेवला. तो म्हणाला, "धोंडाबाय, त्यो नारळ ऱ्हाऊ द्या. त्या जीपवाल्या बाईकडची हिवतापाची गोळी हाय का तुमच्याकडं?" मी खाली आले, गोळ्या घेतल्या, पुन्हा वर गेले. आता तो बरा आहे आणि गोळ्या देणाऱ्या बाईचे गोडवे गातो आहे. पण ज्या माणसाला मी ताप उतरायची गोळी दिली त्याच्याकडून अंगारा मागायला माझा हात पुढे होईना. (नारळ त्याने ठेवून घेतला.)

ही जीपवाली बाई म्हणजे आमची नवी ग्रामसेविका, इंदुताई. पुण्याकडची, अजून लग्न व्हायचंय. तिला शिकवणीत सांगितलं होतं की नव्या आयांनी एकत्र बसावं, हाताने काहीतरी सुंदर करावं आणि करता करता मनातलं बोलावं, म्हणजे बाळंतपणाचा शीण उतरतो. म्हणून तिने शाळेत 'नवमाता मंडळ' काढलं. दाराला पाटी लावली. रंगीत लोकर आणली, सुया आणल्या आणि बाळांचे पायमोजे विणायला शिकवायला बसली. आमच्या खोऱ्यात पायमोजा कुणी पाहिलेला! सगुणाबाईच्या सुनेने, तारीने, एक विणून नेला तर तिच्या सासऱ्याने त्यात तंबाखू भरली, आणि आता गावातले म्हातारे दुसऱ्या पायाची वाट बघतायत.

पण खरा घोटाळा बोलण्यात झाला. इंदुताईने सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, "आता मोकळेपणाने बोला, घरात काही त्रास आहे का?" तारीच्या एका बाजूला तिची नणंद, दुसऱ्या बाजूला चुलतजाऊ, आणि खिडकीच्या गजांना धरून बाहेर सगळ्यांच्या सासवा. तारी म्हणाली, "समदं बरं हाय." पुढची म्हणाली, "समदं बरं हाय." असं ते बरं गोल फिरून पुन्हा तारीपाशी आलं. इंदुताईने वहीत काय लिहिलं असेल देव जाणे. आमच्या गावाइतकं सुखी गाव तालुक्यात नसणार.

ती तिथून निघाली ती रडवेली होऊन माझ्या पडवीत पाणी प्यायला आली. मी नाचणी दळत होते. गेणबाने गिरणी काढल्यापासून गावातली सगळी जाती भिंतीला उभी लागली, माझं तेवढं आडवं आहे. गिरणीचा मला राग नाही. पण तुमचे भाऊ गेल्यापासून माझे हात रिकामे राहत नाहीत, आणि मूठभर नाचणीसाठी कुणी गिरणीत जात नाही. इंदुताई म्हणाली, मी ओढून बघू? बघ म्हटलं. तळहाताचं साल निघालं, पीठ काही निघालं नाही. तेवढ्यात तारी तिची विसरलेली लोकर द्यायला आली. कडेवरचं पोर तिने माझ्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाली, "आसं न्हवं ताई, सरका." खुंटा धरला, जात्याची वरची पाळी गरगरा फिरायला लागली, आणि आमच्या समदं-बरं-हायच्या तोंडातून ओवी आली:

गूळ ठेविला शिक्यात, सासू शिक्याखाली बसं
बाळ पितं माझं दूध, मला दूध यावं कसं?

इंदुताई पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून बसली. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. सून जात्यावर बसली की ओवीत काहीही म्हणू शकते. सासू शेजारी तांदूळ निवडत बसलेली असली तरी तिने ते ऐकलं नाही असं धरायचं. जाब विचारायचा नाही. विचारला तर गाव सासूलाच हसतं. मी विचार केला, गिरणी आली, हात सुटले, पण या पोरींची बोलायची जागाच गेली की! गिरणीत ओवी म्हणायची तर गेणबा पट्टा सोडून ऐकत बसायचा.

मग मी एक उद्योग केला. विहिरीवर सहज म्हटलं, गिरणीत आधी कुणाची मिरची दळली असेल सांगता येत नाही, अंगावर पाजणाऱ्या बाईने ते पीठ खाल्लं की बाळाचं पोट धरतं. (खोटं नाही. खरं आहे असंही माझं म्हणणं नाही.) दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या सासवांनी आपण होऊन सुना सुपासकट माझ्या पडवीत धाडल्या. नवमाता मंडळ भरलं. एकीने पाळणा लावला, दोघी दळायला, बाकीच्या ओव्या जुळवायला. रोज नवी ओवी, रोज नवी सासू. अशी हसू फुटलेली घरघर माझ्या पडवीने किती वर्षांत ऐकली नव्हती. गेणबा भांडायला आला, "धोंडाबाय, माझ्या गिरणीवर का उठलीस?" त्याची स्वतःची सून जात्यावर होती. तिने त्याच्या कंजूषपणावर ओवी घेतली. रिवाजाप्रमाणे त्याला ऐकू आली नाही. गेला.

पण सगुणाबाईला कुठून तरी शिक्याची ओवी कळली. ती आली ती थेट गोठ्याच्या कुडाआड उभी राहून ऐकायला, आणि तारीने नेमकी तीच घेतली. आता आली का पंचाईत! ऐकलं म्हणावं तर रिवाज मोडतो, गप्प बसावं तर सगुणाबाई कसली. ती कुडाला वळसा घालून आत आली आणि जे दिसेल त्यावर तुटून पडली. सुपात खडे हायेत. पाळणा वाऱ्यात टांगलाय. कपाळ पुसलेल्या बाईच्या पडवीत बाळंतिणी बसवत्यात व्हय? मी म्हटलं, "मी बाळंतिणींबरोबर बसतच नाही, मी जात्याबरोबर बसते. ते कुणाच्या कपाळाला विचारत नाही." त्यावर ती वळून सुनेवर गेली. "आसं दळत्यात व्हय? पीठ हाय का कोंडा? ऊठ तितनं!" आणि तारीला बाजूला सारून स्वतः बसली. समोर मी.

वन्सं, जात्यावर बसलेल्या बाईला गप्प बसता येत नाही. पाचसहा फेरे ती ओठ दाबून होती. मग तिच्या नकळत आलं:

बांधावर झाला ल्योक, सासू म्हनं लाव भात
लेकाला मी धरू कशी, चिखलाचं माझं हात

तो ल्योक म्हणजे तारीचा नवरा. सगुणाबाईची सासू जाऊन किती वर्षं झाली, तिच्या बांधावरची झाडंसुद्धा तुटली. पण ती बाई असा जोर लावून फिरवायला लागली, जशी म्हातारी खालच्या तळीत बसली आहे. आणि खुंटा मोडला. तुमच्या भावांनी बाभळीचा कोरलेला तोच. तारीने उठून आपलं पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. सगुणाबाईने पदराने तोंड पुसलं, पिठाने आणखी माखून घेतलं आणि म्हणाली, "खुंटाच कच्चा व्हता." संध्याकाळी तारीच्या हाती गुळाचा खडा होता. शिक्याखाली आता कोण बसतं ते मी विचारलं नाही.

असो. म्हैस ओरडते आहे, आणि इंदुताईची जीप पुण्याला निघायची आहे. ती तुमच्या बावधनवरूनच जाते, तिच्याच हाती हे पत्र देते. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमची भावजय,
धोंडाबाई

ता. क. अंगाऱ्याची पुडी सोबत आहे. हे तुम्हीच वाचा, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवू नका. ती राख माझ्या चुलीतली आहे. चाळून घेतली आहे. सखूला लावायची गरज नाही. सासूबाईंच्या कपाळाला लावा आणि सांगा, बहिरूने कौल दिला आहे की पोरीने मावळतीकडे मामीच्या घरी जावं आणि रोज स्वतःच्या हाताने दळावं. बहिरूला मी सांगून ठेवलं आहे, कुणी विचारायला आलं तर तो हो म्हणेल. गोळ्यांचा मिंधा आहे.

ता. क. दुसरा. तुम्ही येऊ नका म्हणालात, मी येत नाही. तुम्ही सखूला पाठवा. बाळासकट. पुण्याहून परत येताना जीप तुमच्या दारात थांबेल, मी इंदुताईला तसं सांगितलं आहे. सखूला कपडे जास्त देऊ नका, बोल म्हणून मागे लागू नका, नुसती बसवून द्या.

ता. क. तिसरा. आमचा पहिला गेला तेव्हा मीही अशीच आढ्याकडे बघत पडून होते, तुम्हाला आठवत असेल. मी बरी कशी झाले ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुमच्या भावांनी शपथ घातली होती. पहाटे दाराला कडी लावून ते माझ्यासमोर जात्यावर बसायचे. एवढा मिशीवाला पुरुष, दळायला. ओव्या कुठून येणार, त्यांना मोट हाकतानाचं गाणं तेवढं यायचं. म्हणून ते जात्यालाच बैल समजून म्हणायचे, "चल रं माझ्या सर्ज्या, पाटात पानी यिऊ दे." किती तरी पहाटा मी गप्प होते. मग एकदा हसू आलं, आणि त्याच्यामागून रडू. आता शपथ सुटली, ज्यांनी घातली तेच नाहीत. मोडलेला खुंटा मी फडताळात ठेवला आहे. नवा बसवून घेतला आहे, हाताला अजून टोचतो. सखूला सांगा, मामी समोर बसेल. ओवी आली नाही तरी चालेल, आमच्याकडे बैलापासून सुरुवात करतात.