स्टिरिओचं यंत्र आणि माझा डावा डोळा

८ फेब्रु. ८८, सोम.
जर्नलकडून पेपर परत आला. सरांचा आणि माझा. परीक्षक लिहितो, तक्त्यातले आकडे एक रेणू सांगतात आणि आकृतीत त्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. सरांनी आकृतीची जोडचित्रं टेबलावर ठेवली, चित्र उठावात दाखवणारा दोन भिंगांचा स्टॅंड वर ठेवून वाकले आणि लगेच म्हणाले, "अगं, हे उलटं आहे. पुढचा अणू मागे गेलाय. डाव्या डोळ्याचं चित्र उजवीकडे लागलंय."
चिकटवणारी मी. चिकटवल्यावर त्याच भिंगांतून तपासून 'बरोबर' म्हणणारीही मीच. सर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

९ फेब्रु.
सगळे गेल्यावर भिंगांतून पुन्हा पाहिलं. सरळ लावून, उलट लावून. दोन्ही सारखंच. सपाट. डोकं दुखत होतं म्हणून असेल. आकडेमोड पुन्हा केली. आकडे बरोबर आहेत.

१५ फेब्रु.
प्राचार्यांनी बोलावलं. ३१ मार्चच्या आत ऑर्डर निघाली नाही तर ग्रँट परत जाणार. तेवढ्या पैशात बसते एकच वस्तू. एक तर दमदार कॉम्प्युटर, गणिताची वेगळी चिप, मोठी हार्ड डिस्क. म्हणजे आकडेमोडीसाठी टेप पिशवीत घालून एस.टी.ने पुण्याच्या कॉम्प्युटरकडे मारायचे हेलपाटे बंद. नाहीतर साधा कॉम्प्युटर आणि त्यावर स्टिरिओ डिस्प्ले, त्यात रेणू पडद्याबाहेर येऊन उभा राहतो म्हणे.
सरांचा जीव स्टिरिओवर. जूनमध्ये रिटायर होताहेत. "आयुष्यभर काचांवर रेणूच्या एकेका थराच्या रेषा काढल्या आणि एकावर एक रचून वरून बघितल्या. एकदा तरी पूर्ण रेणू समोर उभा बघू दे."
मी कॉम्प्युटर म्हणाले. सर हसले. "तू अजून स्टिरिओ पाहिलायस कुठे?"
सरांनंतर लॅब माझ्याकडे यायची आहे. चुकीचं घेतलं तर त्याच्यासमोर वर्षानुवर्षं बसायचं मलाच.

२७ फेब्रु., शनि. मुंबई
डीलरकडे डेमो. मी, सर, प्राचार्य. डीलरचा माणूस, शेखसाहेब, फार अदबीचा. काळसर काचांचा जाड चष्मा, त्याची वायर मशीनला. काचा आळीपाळीने बंद होतात, इतक्या भराभर की कळत नाही.
प्राचार्य चक्क दचकून मागे सरले. केमिस्ट्रीशी या माणसाचा तीस वर्षांत संबंध नाही, तरी त्यांना दिसलं! सरांनी हात पुढे केला, हवेत, आणि बोटांनी काहीतरी चाचपलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.
मग मी. नुसती लुकलुक. हिरव्या रेषा, काचेवर. मी "वा" म्हणाले. सगळ्यांनी केला म्हणून हातही पुढे केला.
शेखसाहेब हसून म्हणाले, "मॅडम, आप गलत जगह पकड़ रहे हो."
सगळे हसले. मीपण.

२८ फेब्रु.
काल परतताना सर कसाऱ्यापर्यंत लहान मुलासारखे बोलत होते. मी खिडकीतून बघत एक डोळा मिटला, उघडला, दुसरा मिटला. डावा मिटला तर काहीच बदलत नाही. घाट आहे तसाच. इतकी वर्षं मला हे कसं

२ मार्च
आई नामपूरहून आलीय. तिला विचारलं, माझ्या तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं. म्हणे तू चौथीत होतीस. मग माझ्या तोंडाकडे बघत, "काय व्हयनं माय? डोया सरय शे तुना, आते काय?" तिच्या लेखी डोळा सरळ झाला, लग्न झालं, विषय संपला.
जेवताना तिचा जावई, यशवंत, म्हणाला, "म्हणून सुईत दोरा ओवायला मला हाक मारतेस होय!" चेष्टेत म्हणाला. मी ताटावरून उठले.

७ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर. म्हणाले, डाव्या डोळ्याला दिसतं, पण मेंदू त्याचं ऐकत नाही. लहानपणी दोन्ही डोळ्यांनी मिळून बघायची सवयच लागली नाही. आता या वयात काही व्हायचं नाही. "अडचण काय येते? स्कूटर चालवता?"
म्हटलं, रेणू बघते.
थेंब लिहून दिले.

११ मार्च
मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. दोन चित्रं बघायची, डोक्यात हिशेब करायचा, कळलं की 'दिसलं' म्हणायचं. लोक 'दिसलं' म्हणतात तेव्हा त्यांना खरोखर दिसत असतं, हे मला या वयात कळतंय. आणि मी कुठल्या विषयात डॉक्टरेट केली, तर याच, रेणूंच्या रचनेत.
हसू येत नाही.

१६ मार्च
सरांनी पुन्हा विचारलं, आता तरी पटलं ना? मी कॉम्प्युटरचे मुद्दे मांडले. पुण्याच्या फेऱ्या, रांगेत आपला नंबर येईपर्यंत जाणारे आठवडे. सगळे खरे मुद्दे. पण बोलता बोलता माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. हे मी लॅबसाठी बोलतेय की त्या चष्म्याच्या भीतीने? डेमोच्या आधीपासून माझं हेच मत होतं. पण डेमोच्या आधीही डोळा हाच होता ना.
कुणाला विचारू?

१९ मार्च
य.वर उगाच ओरडले. तो म्हणाला, सरांना सांगून टाक. म्हटलं, आणि जूनमध्ये लॅब कुणाच्या ताब्यात देतील? जिला दिसत नाही तिच्या? तो म्हणाला, "मग आजवर सोडवलेस ते रेणू काय डोळे मिटून सोडवलेस?"
जवळजवळ तसंच. रडले. बाहेर कॉलनीतली पोरं जयंतीच्या मिरवणुकीचा लेझीम बसवत होती, त्यामुळे आईला ऐकू गेलं नाही.

२३ मार्च
खरेदी समिती ३० तारखेला. आज एम.एस्सी.च्या दोघी मुली भिंगांतून सुधारलेली जोडचित्रं बघत होत्या. "अय्या मॅडम, बाहेर आलं!" दोघी एकदम ओरडल्या. मग माझा हात धरून, "तुम्ही बघा ना." बघितलं. पुन्हा "वा" म्हणाले. या मुलींच्या वाटचं मी माझ्या डोळ्यापायी अडवणार का? आणि स्टिरिओ घेतला तर रोज सकाळी लॅबमध्ये जाऊन असंच 'वा' म्हणत राहणार का? जीव नकोसा झालाय. अतिशयोक्ती नाही, खरंच.

२८ मार्च, सोम.
सरांना सांगितलं. दार लावून, उभ्यानेच.
त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग, "पेपरची आकृती तपासलीस तेव्हा?"
"तेव्हाही असंच. मला माहीत नव्हतं, सर."
"मग तू रेणू बघतेस कसा?"
"मोजून. कोण कुणापासून किती लांब, कुठला बंध किती वळलाय. सगळं पाठ होईपर्यंत. मग तो असतो."
"कुठे असतो?"
सरांनी तळहाताने डावा डोळा झाकला आणि कपाटावरच्या तारेच्या मॉडेलकडे बघत बसले. मान इकडे करून, तिकडे करून. मग म्हणाले, "मला कळत नाही. मला मुळात माहीत आहे ना कुठे काय आहे." चिडून म्हणाले, पण माझ्यावर नाही.
मी कधी बाहेर आले आठवत नाही.

२९ मार्च
सर व्हरांड्यात भेटले. "उद्या समितीत मी तोंड उघडणार नाही. तू सांगशील ते घेऊ."
म्हटलं, सर, प्लीज, तुम्हीच सांगा.
"मी स्टिरिओच सांगणार, मला दिसतो म्हणून. लॅब तू चालवणार आहेस." आणि क्लासला निघून गेले. सुटले असं क्षणभर वाटलं. हा विश्वास आहे की शिक्षा, तेही ओळखता येत नाही.

३० मार्च, सकाळी
अकराला समिती. दोन्ही बाजूंनी बोलायची तयारी केलीय, दोन्ही पटतात. कॉम्प्युटर म्हणाले तर सर गप्प बसतील, त्यांना कळेल, आणि त्यांचा रेणू काही उभा राहायचा नाही. स्टिरिओ म्हणाले तर चांगली वाटेन सगळ्यांना. पण लॅबला खरोखर काय हवंय, हे ज्या एका माणसाने सांगायचं ते मी आहे, आणि माझं मत कुठे संपतं आणि माझा डोळा कुठे सुरू होतो ते मला मोजता येत नाहीये. बाकी सगळं मोजता येतं.
आईने दही हातावर ठेवलं. य. खालून हाक मारतोय, रिक्षा थांबवून ठेवलीय म्हणे.
अजून ठरत नाही. निघते.