कलाबाईच्या तोंडचे शब्द

मी, भिवाजी पुंडलिक ढोके, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार बोरगाव, तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा, कोणाच्याही दबावाशिवाय, डोके ठिकाणावर असताना हा कागद करतो. सोमवारी नागपूरला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. परत येणे गजाननाच्या हाती. मागची व्यवस्था मी करून जातो.

१. राहते घर पत्नी सरला हिचे. तिच्या हयातीत तिला कोणी "जरा सरकून बस" असेही म्हणू नये.

२. संत्र्याचा बगीचा मुलगा हेमंत व मुलगी जयश्री यांना निम्मा-निम्मा. फवारणीचा पंप व छाटणीची कैची हेमंतची. तो मास्तर झाला म्हणून झाडांनी त्याला सोडलेले नाही.

३. देवघरातला गणपती जयश्रीकडे जावा. तिला पूजेची सवय आहे, हेमंतला नियमांची.

४. आता ज्यासाठी हा कागद, ते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी मी एक कादंबरी लिहिली आहे. तिच्यातला मुलगा गणेश चतुर्थीला चुकून चंद्र पाहतो. खोटा आळ येऊ नये म्हणून आमच्याकडे अशा वेळी शेजाऱ्याच्या छपराच्या कवेलूंवर खडा टाकून शिव्या खातात. तो ज्या म्हातारीच्या घरावर खडा टाकतो, ती आमची शेजारीण कलाबाई. मी नाव बदलले, तोंड बदलले नाही. गल्लीतली सगळी पोरे तिचेच घर निवडत, कारण तिची शिवी हमखास लागू पडे.

नागपूरचे प्रकाशक म्हणतात, शिव्यांच्या जागी टिंबे द्या, लगेच छापतो. हेमंतही तेच म्हणतो. "बाबा, शिवी देनाऱ्या पोराले मी वर्गाबाहेर उभा करतो, अन् हे पुस्तक त्याच्याच हाती देऊ? लोक म्हनतीन, एवढा देवभोळा मानूस, हे काय लिहून गेला."

त्याचा मुद्दा खोटा नाही. पूजेला बसूनही मी हाच विचार करत आलो. कोणाची जात काढणारी शिवी मी ठेवलेली नाही. ती माणसाला खाली पाडते. कलाबाईची शिवी पोराच्या डोक्यावरचा आळ उतरवते. टिंबांनी तो उतरणार नाही. आणि हा फरक पोरांना चौकात कोणी समजावत नाही.

म्हणून कादंबरीचे सर्व हक्क हेमंतला, पण एका अटीवर. एकही शब्द काढण्याआधी त्याने कलाबाईच्या ओसरीवर बसून तो भाग तिला व तिची नात वंदना हिला वाचून दाखवावा; आधी माझा, मग टिंबांचा. वंदना तेरा वर्षांची आहे, पुस्तक तिच्या वयाचे आहे. ती म्हणेल तेच छापावे. अट मोडल्यास हक्क जयश्रीकडे जातील.

"मी त्या पोरीपुढं असलं वाचनार नाही," हेमंत म्हणाला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

५. काल मी कलाबाईच्या अंगणात गेलो. म्हटले, "काकू, नागपूरले जाऊन राहिलो. एक शिवी दे."

तिने पदराला हात पुसले. "जाय बापा. सुखरूप ये," एवढेच म्हणाली.

तिचे इतके गोड बोलणे मी जन्मात ऐकले नव्हते. डॉक्टरांपुढे वाटली नव्हती ती भीती तेथे वाटली. हेमंतने लेखणी उचलण्याआधी हे कलम पुन्हा वाचावे.

सौंसर, ता. १४ ऑगस्ट १९८६
(सही) भिवाजी पुंडलिक ढोके

आमच्यासमोर सही झाली :
१. (सही) रघुनाथराव कामडी, संत्रा व्यापारी, पांढुर्णा
२. कलाबाई गुणवंता बोबडे, बोरगाव, डाव्या अंगठ्याची निशाणी

अंगठा लावताना कलाबाई जे बोलली ते कागदात घ्या, असे मी वकील प्रभाकररावांना सांगितले. त्यांनी टाइप करायला नकार दिला. म्हणून साक्षीदारांसमोर माझ्या हाताने लिहितो :

"भाड्या, मरनाच्या कागदावर माहा आंगठा घेतं काय? मुर्दा बशीवला तुहा! जाय, अन् मुकाट्यानं वापस ये."

मला घेऊन आलेला हेमंत दाराशी उभा होता. तो म्हणाला, "लागू पडली, बाबा."

खाली पुन्हा सही करतो.

(सही) भिवाजी पुंडलिक ढोके