सगळी बोटं असलेला माणूस

ता. ४ ऑगस्ट

चि. ठमीस आजीचे आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन केला असता, पण घरात फोन एकच आणि तो तुझ्या आईच्या हातातून सुटत नाही. जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगता येत नाही, म्हणून पेन धरलं. माझी शाळा दुसरीत संपली, तेव्हा चुका दिसल्या तर मुकाट्यानं गिळ.

तुझ्या बापाला गाडी मिळाली आहे. बक्षिसात. खालच्या लाँड्रीवाल्यानं इस्त्रीच्या कपड्यांबरोबर ही बातमी वर आणली. फोनवर कुठल्याशा कंपनीचं पान आहे, तिथं बक्षिसं वाटतात म्हणे. त्यावर भाग्यवान विजेता म्हणून तुझा बाप लाल गाडीपुढे उभा, हातात ही एवढी मोठी चावी. नाव भलतंच लिहिलंय, पण तोंड त्याचंच. पोराचं तोंड ओळखायला मला कुणाचा दाखला नको. घरातून न सांगता निघून गेला त्याला तीन वर्षं झाली. पोलिसांना सापडला नाही, आणि आता लाँड्रीवाल्याला सापडला, हसताना.

तेव्हापासून तुझी आई त्या पानाला चिकटून आहे. विजेत्याचा पत्ता द्या म्हणून तिनं विचारलं. ते म्हणतात, आधी तुम्हीही बक्षिसासाठी नाव नोंदवा, फी भरा, फोनवर आकडा येईल तो कळवा, मग गाठ घालून देऊ. तिला बक्षीस नकोय, माणूस हवाय. लोकांचे ब्लाउज मशीनवर अर्धे शिवून पडलेत. दूध उतू जातं, तरी तिला वास येत नाही. मी म्हटलं, बाई, हे भूत आहे. म्हणाली, असू दे, माझं आहे.

तू चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावतेस. हे काय आहे ते नीट वाचून कळव. लोभ आहे तो दाट राहू दे, पाणी घालू नकोस.

तुझी आजी

ता. ९ ऑगस्ट

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र काउंटरखाली धरून वाचलं आणि लगेच ते पान उघडलं. आजी, ते खोटं आहे. गेल्या महिन्यात उघडलेलं. कंपनीचं नाव मोठ्या कंपनीसारखं दिसतं, पण ते तिचं पान नाही. तिच्या खऱ्या पानावर असल्या बक्षिसाचा पत्ताच नाही. खाली शेकडो लोकांनी आभार मानलेत, सगळे एकाच साच्यातले. आणि खरं बक्षीस देणारा आधी फी मागत नाही. फोनवर येणारा आकडा तर घराची किल्ली आहे. तो कळला की आईचं बँकेतलं सगळं त्यांचं. तो कुणालाही सांगायचा नाही, कुणीही मागू दे.

फोटो कुठून आला तेही कळलं. बाबा गेल्यावर मी 'हरवले आहेत' म्हणून टाकला होता, तोच. वरची ओळ कापून टाकली आणि डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलं. चावी धरलेला हात बघ. बाबांची दोन बोटं करवतीत गेली होती. या हाताला पाचही आहेत. ते बघितलं आणि दिवसभर मी गिऱ्हाइकांची डावी-उजवी काच चुकवत राहिले.

आईला फोन केला होता. मला शिकवू नकोस म्हणाली आणि ठेवला. फोटोशेजारी तीन ठिपके आहेत, ते दाबले की तक्रार करायचं बटण येतं. मी तक्रार केली. तिलाही करायला लाव. माझं ती ऐकत नाही, तुझ्या जिभेला घाबरते.

आकडा सांगण्याआधी तिला अडव. थोरांनी ओरडायचं बाकी ठेवू नये, एवढीच विनंती.

तुझी ठमी

ता. १४ ऑगस्ट

चि. ठमीस आशीर्वाद.

ओरडायची तयारी करूनच मी तिच्यापुढे बसले आणि फोटोतला हात दाखवला. ती म्हणाली, पहिल्याच दिवशी दिसला. मलमपट्टी तिनं केली होती, तिला नाही दिसणार तर कुणाला? कुठं का असेना, बोटं परत आली असतील तर बरंच झालं, म्हणाली. ठमे, घासलेली भांडी मी परत घासली.

पुढचं ऐक. तिनं त्या लोकांना सांगून टाकलं होतं की हे माझे यजमान. झालं, दुसऱ्या दिवसापासून तोच लिहायला लागला. प्रिय, मी सुखरूप आहे, तुझी फार आठवण येते, आकडा लवकर पाठव. ती मला ते वाचून दाखवत होती. उभ्या जन्मात त्यानं तिला प्रिय म्हटलं नाही. अगं ए, एवढंच. तिलाही ते ठाऊक होतं, तरी वाचताना तिचा आवाज नव्या नवरीसारखा झाला होता. फी भरून झाली होती. आकडाही फोनवर आला होता, तेवढा पाठवायचा राहिला होता.

मी म्हटलं, पाठव हवं तर, पण आधी एवढं विचार की थंडीत हात अजून ठणकतो का. रोज ठणकायचा, उशीखाली दाबून झोपायचा तो. तिनं विचारलं. आम्ही दोघी त्या काचेकडे बघत बसलो. पलीकडे तो लिहितोय असं दिसत होतं, आणि खरं सांगते, त्या घटकेला मीसुद्धा देव पाण्यात ठेवले होते.

उत्तर आलं. कसला हात? मी ठणठणीत आहे. आकडा पाठव.

तिनं फोन मांडीवर ठेवला. रडली नाही. मग ते ठिपके कुठले म्हणून मला विचारलं, जसं काही मला कळतं. दोघींनी मिळून शोधले. आपल्यात निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, ये म्हणतात. तो न सांगता गेला, म्हणून तेही म्हणायचं राहिलं होतं. तिनं बटणावर बोट ठेवलं, त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि जा म्हणाली.

माझ्या तोंडाशी ये आलं होतं. गिळलं.

फी गेली ती गेली, बँकेत तेवढं कळवून ठेव. तिला पत्र लिही, मला नंतर लिहिलंस तरी माझा लोभ आटत नाही.

तुझी आजी