उतू न जाणाऱ्या पातेल्याची वास्तुशांत

वाशी,
मार्च १९८४

ती. वामनदादा,

वाशीच्या नव्या घरातून धाकट्या सरोजिनीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? महाडच्या दुकानात वरच्या फळीवरचे हंडे स्वतः काढू नकोस, गड्याला सांगत जा. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. (थोरल्याने माझ्या पत्राला उत्तर दिलेलं नाही, त्याला अर्धाच दे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, यांच्याखेरीज.

तुला ठाऊकच आहे, हे रबाळ्याच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या प्रेसवर आहेत, आणि भांडं दिसलं की त्यात सुधारणा केल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही. (सुधारणेनंतर आम्हाला लागत नाही.) गेल्या वर्षी दुहेरी बुडाची कढई झाली. तिच्यात काही करपत नसे हे खरं, पण शिजतही नसे; सकाळी टाकलेलं वांगं संध्याकाळी दाताखाली करकरे. यंदा मात्र यांनी नवलच केलं. पातेल्याच्या काठाला पन्हाळीसारखी खोलगट कड काढली आणि तिला बारीक भोकं पाडली. दूध वर आलं की पन्हाळीत शिरतं, निवतं आणि भोकांतून गुमान खाली परततं. उतू म्हणून जात नाही. मालक म्हणाले, स्वतः डोळ्यांनी पाहीन, आणि पसंत पडलं तर कारखान्यात हेच पातेलं काढू. आता मालकांना बोलवावं कधी? तर घरच्या वास्तुशांतीला. आणि पातेलं चढवावं कशासाठी? दूध उतू घालवायला. दादा, हे डोकं मी इतकी वर्षं सांभाळते आहे.

भटजींनी पूर्वेला स्टोव्ह मांडला, सासूबाई हात जोडून समोर बसल्या. दूध वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं, पुन्हा खाली. मालक वाकून बघताहेत आणि यांची छाती फुगलेली, "बघा साहेब, थेंब नाही." सासूबाईंनी जाहीर केलं की दूध उतू जाईपर्यंत या घरात पाण्याचा घोट घेणार नाही. (चहा त्यांनी आधीच घेतला होता.) भटजींनी मंत्र दुसऱ्यांदा म्हटले आणि मग नुसतेच घड्याळाकडे बघत बसले. स्टोव्हला पंप मारला, वरून आणखी दूध ओतलं, तेही आटून बासुंदीच्या वाटेला लागलं, पण बाहेरून पातेलं कोरडं ठणठणीत. आमची बोनकोड्याची जुनी घरमालकीण चांगुणाबाई आली होती. तिला राहवेना. "बाय, दूध उतू नाय गेला त घरान बरकत कशी येल? माझा जुना टोप हाय, आनू का?" हे म्हणाले, या स्टोव्हवर दुसरं भांडं चढणार नाही. सासूबाई म्हणाल्या, मग मी चांगुणाबाईबरोबर बोनकोड्याला परत चालले, आणि खरंच उठल्या. इतक्यात दूध भसकन उतू गेलं. स्टोव्ह विझला, सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, भटजींनी पिशवी उचलली. मालक "पुढं बघू" म्हणाले आणि बासुंदी न घेताच गेले.

तेव्हापासून हे पातेलं मांडीवर घेऊन बसतात. कुठं चुकलं ते बघायला रोज दूध तापवतात. ते उतू जात नाही, म्हणून आणखीच खचतात. धड जेवत नाहीत. परवा मी मुद्दाम यांच्यासमोर झाकण वाकडं बसवलं, तर नजरसुद्धा वळली नाही. पहिले चार दिवस घर कसं शांत वाटलं, आता ती शांतता खायला उठते. मला त्यांचं फार वाईट वाटतं रे.

तुझी,
सरोजिनी

ता. क. दूध मी पाडलं. सगळे सासूबाईंना अडवायला वळले तेव्हा सांडशीने पातेलं जरासं कलतं केलं. यांना सांगावं तर हे लगेच ओरडून आईला सांगणार आणि सासूबाई बोनकोड्याला जाणार. न सांगावं तर हे असे. तेव्हा तू कारखान्याला लिही की महाडात या पातेल्याला फार मागणी आहे, दोन डझन धाडा. मागणी नसली तर कर. वहिनीच्या माहेरी तू गळक्या किटल्या खपवल्या आहेस. (गिऱ्हाईक वास्तुशांतीचं असलं तर मात्र देऊ नकोस.)

आणखी ता. क. पत्र लिहायला बसताना याच पातेल्यात दूध तापत ठेवलं होतं, ते आत्ता आठवलं. जाऊन पाहून आले. अर्ध्यावर आटलंय, पण बाहेर थेंब नाही. दोन नको, चार डझन मागव.